कुंडी गरम होती

"कुळवाडी आहे, झाडाझुडपांतलं कळत असेल म्हणून ह्याला प्रयोगशाळेत घेतला. तर ह्याला उजेड नि काळोखसुद्धा कळत नाही!"

सर हे मोठ्याने बोलले. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर. नववीच्या भरल्या वर्गासमोर. साहेब हसले. साहेब हसले म्हणून मुख्याध्यापक हसले. मग मुलं. माझ्या हातात बशी होती. बशीत जास्वंदीचं पान. अख्खं काळंनिळं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चिपळूणपासून एसटीने तासाभरावरची शाळा. मी प्रयोगशाळेचा शिपाई, दहावी नापास. विज्ञानाचे सर आंब्याच्या बागा असलेल्या घरातले. त्यांच्या आजोबांच्या जमिनीत माझे आजोबा राबले. तरी सर मला समोर बसवून शिकवत. "फॉर्म भर दहावीचा, मी आहे ना," म्हणत. बाप गेल्यावर मी त्यांनाच बापाच्या जागी मानलं. हेही लिहायला हवं. नाही तर पुढचं का लागलं, ते कळणार नाही.

प्रयोग त्यांनीच शिकवलेला. पान उन्हात अन्न तयार करतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी ओढलेलं पाणी आणि ऊन. पानातलं हरितद्रव्य ऊन धरतं. त्या उन्हाची ताकद साखरेत जाते, मग पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये, साठते. ते पिष्ट आयोडीनने काळंनिळं दिसतं. म्हणून आधी कुंडी दोन दिवस काळोखात ठेवायची. पानात साठलेलं पिष्ट संपू द्यायचं. मग पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून झाड उन्हात ठेवायचं. पान स्पिरिटमध्ये उकळून रंग काढायचा, आयोडीन टाकायचं. पट्टीखालचा भाग फिकट राहतो, बाकीचा काळा होतो. मुलं "आँ" करतात. मला ते "आँ" फार आवडायचं.

काळोख माझा होता. आंब्याच्या दोन पेट्या ठोकून मी खोका केला होता. फटींवर आतून डांबरी कागद, वरून गोणपाट. दोन दिवस मी कुणाला तो उचलू देत नसे.

तपासणीच्या सकाळी सरांनी मला साहेबांना उतरवून घ्यायला एसटी स्टँडवर पाठवलं. गाडी उशिरा आली. बारा वाजता परत येऊन मी खोका उचलला. कुंडीला हात लावला.

कुंडी गरम होती.

दोन दिवस काळोखात असलेली मातीची कुंडी गरम कशी लागेल? मला त्याच क्षणी कळलं. कुणीतरी ही सकाळभर उन्हात ठेवली होती. आता पट्टी लावून उपयोग नव्हता. पानभर पिष्ट आधीच तयार झालं होतं. हे मी सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. वाटलं, सरांना माहीत असेल, ते बघतील. मी पट्टी लावली आणि कुंडी उन्हात नेली.

तीन वाजता पान अख्खं काळं झालं, आणि सर ते वाक्य बोलले.

हसू थांबलं तेव्हा तिसऱ्या बाकावरून सुनंदा उठली. आमच्याच वाडीतली. सकाळी रांगोळी काढायला लवकर आली होती. म्हणाली, "सर, मामांची चूक नाही. कुंडी तुम्ही उचललीत. ऑफिसच्या दारात ठेवलीत. मी बघितलंय."

सर म्हणाले, "खाली बस."

ती बसली नाही. "पानच सांगतंय की, सर. काळोखात असती तर पट्टी उमटली असती."

प्रयोग कळलेली वर्गात ती एकटीच होती. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि उठले.

संध्याकाळी सर माझ्या घरी आले. आमच्या दारात ते प्रथमच आले होते. साहेबांसाठी ऑफिसच्या दारात मांडलेल्या कुंड्यांच्या रांगेत एक कमी पडली, फुललेली तेवढीच दिसली, अर्ध्या दिवसाने काय होतंय असं वाटलं, साहेबांची गाडी येईना तेव्हा परत खोक्याखाली ठेवली, असं सगळं स्वतःच सांगितलं. मग खिशातून कागद काढला. कुंडी माझ्या निष्काळजीपणाने उन्हात राहिली, असं त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं.

"सही कर. नुसतं फायलीत राहील. तुझी नोकरी सांभाळणं माझ्याकडे लागलं. पोरीला काही होणार नाही. शब्द देतो."

बायको चुलीपाशी होती. सर गेल्यावर म्हणाली, "ते उभ्याउभ्याने बोलले. बसलेसुद्धा नाहीत. आणि तुम्ही सही केलीत?"

केली होती.

सोमवारी प्रार्थनेची घंटा मीच दिली. प्रार्थना झाल्यावर मुख्याध्यापकांनी ते पत्र मोठ्याने वाचलं. शेवटी माझं नाव. मग सुनंदाला पुढे बोलावलं. गुरुजनांवर खोटा आळ घेतला म्हणून माफी माग, म्हणाले. मी सरांकडे बघितलं. सर झेंड्याच्या काठीकडे बघत होते.

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांच्या देखत विचारलं, "मामा, सांगा ना."

मी घंटेचा हातोडा हातात घट्ट धरून उभा राहिलो.

तिने माफी मागितली नाही. शाळेने तिला काढून घरी बसवलं. तिची आई दोनदा येऊन ऑफिसच्या पायरीवर बसून गेली. मग पोर मुंबईला मावशीकडे, दुसऱ्यांची भांडी घासायला. नववीत असताना तिला पानाचं जे कळलं होतं, ते सरांना कळलं नव्हतं.

पुढच्या वर्षी सर म्हणाले, "अरे, खोका काढ. जास्वंद ठेव." काही झालंच नाही अशा आवाजात. मी खोका आणून त्यांच्या टेबलावर ठेवला. "आता काळोख तुम्हीच राखा, सर. मी हात लावणार नाही." त्यांनी मला प्रयोगशाळेतून काढलं. निवृत्तीपर्यंत मी घंटा आणि झाडू यांवर होतो. दहावीचा फॉर्म भरायचा राहिला. त्या नकाराचा मला बरीच वर्षं अभिमान होता. आता नाही. तो मी माझ्यासाठी दिला होता. तिच्यासाठी तोंड उघडलं नव्हतं.

सुनंदा पुढे केळशीला दिली. एकदा दापोलीच्या स्टँडवर भेटली, केस पिकलेले. मी चाचपडत होतो, तर तीच म्हणाली, "ओळखलंत ना मामा? मी ती खोटारडी." आणि गाडीत चढली.

आता सरांचा सत्कार आहे. सर हयात आहेत, खणखणीत आहेत. शाळेतून मुलगा येऊन सांगून गेला, "आजोबा, स्मरणिकेसाठी सरांच्या आठवणी लिहून द्या. चार चांगल्या ओळी."

ह्या त्या ओळी.

कुंडी मी उन्हात ठेवली नाही. सरांनी ठेवली. मला ते त्याच दिवशी बारा वाजता कळलं होतं. सुनंदा खरं बोलली. शाळेच्या फायलीतल्या पत्राखालची माझी सही मी मागे घेतो.

हे छापणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून तीन प्रती केल्या आहेत. एक शाळेला. एक घेऊन मी उद्या केळशीच्या गाडीत बसणार आहे. तिने दार लावून घेतलं तरी उंबऱ्यावर ठेवून येईन. तिसरी सत्काराच्या दिवशी माझ्या खिशात असेल. प्रार्थना संपली की मी उभा राहीन आणि वाचीन. सरांसमोर. झेंड्याच्या काठीकडे न बघता.