आबांनी बाजूला काढलेलं भरीत

फ्रेंड्स, आत्ताच माझ्या रूमवर पोचलेय आणि लगेच लिहितेय.

आज अमळनेरजवळ आमच्या शेतात भरीत पार्टी होती. ऑफिसमधला माझा मित्र प्रशिक पहिल्यांदाच आलेला. भाजलेली वांगी लाकडी बडगीत टाकून तो मस्त कुटत होता आणि मी सगळ्यांना बोलवून दाखवत होते, बघा, कसला भारी कुटतोय!

माझे मोठे काका, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, जवळ आले. "आडनाव काय रे भाऊ तुझं?"

त्याने सांगितलं. तो बौद्ध आहे हे आबांना कळलं.

"बरं बरं. तू पाव्हना शे, बस निवांत," म्हणत आबांनी त्याच्या हातातलं मुसळ घेतलं. बडगीतलं भरीत पातेल्यात काढून बाजूला ठेवायला लावलं आणि दुसरी वांगी भाजायला टाकली.

"आबा, ते का काढलं?"

"खारट झालं ते."

"मीठ तर अजून टाकलंच नाहीये!"

प्रशिक उठला. "निघतो गं, आईचा फोन येतोय." फोन वाजलाच नव्हता.

मी ते पातेलं उचललं आणि त्याच्याबरोबर निघाले.

आता आईचा मेसेज आलाय: "आबा जेवले नाहीत. चारचौघांत त्यांचा इन्सल्ट केलास. उद्या येऊन माफी माग."

प्रशिकची माफी कोण मागणार, असं मी विचारलंय. ब्लू टिक आल्यात.

तुम्ही माझ्या जागी असता तर उद्या घरी गेला असता का? आणि जाऊन काय बोलला असता?