परमिटच्या नाक्यावरचा कुलूपबंद संडास

मंडळी, सकाळी घडलंय, पण अजून किळस जात नाहीये.

भाचीच्या साखरपुड्यासाठी आम्ही बारा जण सीमाभागातल्या आमच्या खासबागहून टेम्पो ट्रॅव्हलरनं कोल्हापूरला निघालो होतो. निपाणीच्या पुढं, हद्दीवरच्या नाक्यावर गाडी अडवली. ड्रायव्हर आप्पांनी महाराष्ट्रात जायचं तात्पुरतं परमिट ऑनलाइन काढलं होतं, पण वाहनाच्या प्रकारात चुकून टॅक्सी निवडली होती. चूक आमचीच. नवीन परमिट येईपर्यंत थांबा म्हणाले, थांबलो.

तासाभरानं माझ्या सासूबाई कासावीस झाल्या. वय अठ्ठ्याहत्तर, त्यात शुगर. ऑफिसला लागूनच संडास होता, पण कुलूप लावलेला. मी आत जाऊन किल्ली मागितली.

"ते स्टाफसाठी हाय," मोबाईलवरची नजर न काढता साहेब म्हणाले.

"अहो, म्हातारं माणूस हाय."

"आधी परमिट दाखवा, मग बघू."

बाहेर आले तर सासूबाई रडत होत्या. साखरपुड्यासाठी नेसलेलं नवं लुगडं भिजलं होतं. "कुणाला सांगू नगो गं," एवढंच म्हणाल्या. जाऊबाईंनी आणि मी गाडीमागं चादर धरून त्यांना दुसरं नेसवलं.

परमिट आलं, साखरपुडाही झाला. सासूबाई मात्र शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून होत्या. कुणी जवळ आलं की अंग चोरायच्या.

घरी आल्यावर त्याच म्हणाल्या, "लिही गं, फकस्त माझं नाव घालू नगो."

म्हणून लिहिलं. असल्या नाक्यांवर तुमच्या घरच्या बायका काय करतात? कधी विचारलंय त्यांना?