आर्चबिशपला दहा मिनिटं

"हिची आई चार घरची धुणीभांडी करायची," श्रीधरकाकांनी माइकवर सांगितलं.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती.

"वडील स्टेशनवर हमाल." माझे वडील टपाल खात्यात होते. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. "झोपडपट्टीत, कंदिलाच्या उजेडात शिकलेली ही मुलगी आज अमेरिकेत पीएच.डी. करते आहे. आपल्या समाजानं हिला हात दिला म्हणून ती इथवर आली. होऊन जाऊ दे, जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी डोळे पुसले. मी पार्सिपनीत काकांच्या घराच्या बेसमेंटमध्ये प्रोजेक्टरशेजारी टिपणं धरून उभी होते. ऑक्टोबर दोन हजार पाच, रविवार, दुपारचे साडेतीन. श्रोते अडतीस. मी मोजले होते. कार्यक्रमाच्या बातमीत श्रोत्यांची संख्या आयोजकाला विचारून लिहायची नाही, स्वतः मोजायची, हे मला अमरावतीच्या एका दैनिकात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. त्या दैनिकात मी चार वर्षं उपसंपादक होते. ही माहिती मी परिचयासाठी पाठवलेल्या पाच ओळींत होती. काकांनी त्या ओळी वाचल्या होत्या आणि बाजूला ठेवल्या होत्या. "हे फार कोरडं आहे गं. मी माझ्या पद्धतीनं करतो."

त्यांची पद्धत अशी होती.

माइक माझ्या हातात देताना ते हळूच म्हणाले, "आर्चबिशपला दहा मिनिटं पुरेत हं. मग तुझ्याबद्दल प्रश्नोत्तरं. लोकांना तेच ऐकायचंय."

श्रीधरकाका पुण्याचे. एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दर महिन्याला त्यांच्या घरी मराठी अभ्यासमंडळ भरायचं. एक व्याख्यान, मग साबुदाणेवडे, मग पार्किंगमध्ये तासभर निरोप. त्यांचे आजोबा सुधारक होते. त्यांनी गावात सहभोजनं घातली होती. हे काकांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं, माझं आडनाव ऐकल्यावर अर्ध्या मिनिटात. मला आजवर भेटलेल्या असल्या प्रत्येक माणसाचे आजोबा सुधारक निघाले आहेत. एवढे सुधारक असताना माझ्या आजीला विहिरीवर कुणी चढू दिलं नाही, याचा उलगडा अजून झालेला नाही.

माझा विषय होता बाराव्या शतकातला एक डॅनिश आर्चबिशप. तोही सुधारकच. आम्ही बौद्ध. घरात चर्चशी कुणाचा संबंध नाही. हा विषय का, असं मला सगळ्यांनी विचारलं आहे. पिस्कॅटवेजवळच्या आमच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांनीसुद्धा पहिल्याच सत्रात मायेनं विचारलं होतं, तुझ्या स्वतःच्या लोकांवर काम करायला आवडणार नाही का? माझ्या वर्गात आयोवाचा एक मुलगा चीनच्या मिंग काळावर काम करत होता. त्याला त्याच्या लोकांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

विषय मी निवडला कारण मला तो समजत होता. कुणाचा हात शुद्ध, कुणाचा अशुद्ध, हे ठरवणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली होती. ती लॅटिनमध्ये कशी लिहितात ते मला बघायचं होतं. त्यासाठी सव्विसाव्या वर्षी लॅटिन शिकले, मग डॅनिश.

टाळ्या थांबायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मला एक गोष्ट आठवली आणि माझे कान तापले.

कंदील माझा होता.

आई आणि वडील काकांनी मनानं रचले. कंदील नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करताना स्वतःबद्दल दोन पानं लिहावी लागतात. एका हितचिंतकानं सांगितलं होतं, थोडं स्ट्रगल टाक, तिकडे चालतं. मी एक वाक्य टाकलं की मी कंदिलाच्या उजेडात शिकले. आमच्या पोस्टाच्या क्वार्टरला ट्यूबलाइट होती. कंदील लागायचा तो भारनियमनात, सगळ्या अमरावतीसारखा. पुढे काकांच्या मुलीचे कॉलेजचे अर्ज सुरू झाले तेव्हा काकूंनी नमुना म्हणून माझी ती दोन पानं मागितली. मी ईमेल केली. काकांनी वाचली. त्यांना एक कंदील सापडला. बाकीची झोपडपट्टी त्यांनी त्याभोवती बांधली.

आधीच्या महिन्यात गणपतीतही त्यांनी चार लोकांसमोर "खूप हालातून वर आलीय हो ही" असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली होती. मी हसले होते. म्हणजे माल मी पुरवला होता आणि पोचपावतीही मीच दिली होती. ही लाज मला त्या बेसमेंटमध्ये वाटली. टाळ्यांपेक्षा तीच जास्त लागली.

वर्तमानपत्रात चूक छापून गेली की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचा असतो. दोन ओळी. सूर लावायचा नाही. चूक काय, बरोबर काय, एवढंच.

मी माइक जवळ घेतला.

"सुरुवातीला परिचयाचा खुलासा. माझी आई मुख्याध्यापिका होती. वडील पोस्टमास्तर होते. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माझी फेलोशिप विद्यापीठाची आहे, कुठल्याही समाजानं दिलेली नाही. कंदिलाची चूक माझी. ते मी अर्जात खोटं लिहिलं होतं. आता आर्चबिशप."

पहिल्या रांगेतल्या त्या काकूंच्या डोळ्यांवरचा रुमाल तसाच राहिला. काकांची मुलगी जिन्यावर बसली होती, ती म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा." काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते घसा खाकरून खुर्चीत बसले.

मी चाळीस मिनिटं बोलले.

मी सांगितलं की हा माणूस मोठ्या घराण्यातला. त्याच्या आधीचा आर्चबिशप त्याचा काका. राजानं चर्चच्या नेमणुकांत ढवळाढवळ करू नये, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. काकाच्या गादीवर पुतण्या कसा बसतो, हे त्याला ढवळाढवळ वाटलं नाही. तारुण्यात आजारी पडला, नरकाची आग स्वप्नात दिसली, बरा झाल्यावर त्यानं मठ बांधले. मठ शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभे राहतात, हे स्वप्नात दिसलं नसावं. रोमहून परतताना त्याला पकडून कैदेत टाकलं. तिथून त्यानं मायदेशी पत्र लिहिलं की मला सोडवायला खंडणी देऊ नका, अशी सुटका मला नको. तेवढ्यापुरता मला तो आवडतो. पुढे राजाशी बिनसलं, काही वर्षं परदेशात काढली. म्हातारपणी पद सोडून फ्रान्समधल्या एका मठात साधा भिक्षू म्हणून मेला.

मग सुधारणेवर आले. वेदीला लागणारा हात शुद्ध हवा, असा त्या काळच्या सुधारकांचा आग्रह होता. म्हणून पाद्र्यांना बायका नकोत. गावोगावचे पाद्री संसारी होते. त्यांच्या बायका स्वयंपाक करत होत्या, गुरं राखत होत्या, मुलं वाढवत होत्या. सुधारणेनं त्या एका लेखणीसरशी रखेली ठरल्या. या आर्चबिशपला स्वतःला एक मुलगी होती. तिला कुणी रखेलीची म्हटलं नाही. तिच्या मुलांनी राजाविरुद्ध कट करण्याइतपत मोठेपण मिळवलं. त्यानं पद सोडल्यावर थोड्याच वर्षांत त्याच्या प्रांतातले शेतकरी उठले. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला देणार नाही म्हणाले, आणि पाद्र्यांना लग्नं करू द्या म्हणाले. त्यांना सैन्यानं चिरडलं. इतिहासात आर्चबिशपची पत्रं आहेत. त्या बायकांपैकी एकीचंही नाव मला अजून सापडलेलं नाही.

मी थांबले. टाळ्या झाल्या, पण मोजून.

पहिला प्रश्न एका डॉक्टरांचा. "तू हे दलित पर्स्पेक्टिव्हमधून बघतेस, म्हणून तुला तो सुधारक असा दिसतो, नाही का?"

"मी लॅटिनमधून बघते," मी म्हटलं. "तुम्ही कशातून बघता?"

दुसरा प्रश्न कंपनीचं जॅकेट घातलेल्या एका गृहस्थांचा. ते आधीच हसत होते. "एक विचारू का? रागावू नका हं. इथेही तुम्हाला कोटा असतो का हो?"

"असतो ना. एच-वन व्हिसाचा. दरवर्षी ठरावीक जागा. तुम्ही त्यातूनच आलात ना?"

मागच्या रांगेत रश्मी एकटी मोठ्यानं हसली. रश्मी नागपूरची, आयटीत काम करणारी, माझी रूममेट. मला तिनंच गाडीतून आणलं होतं. तिसरा प्रश्न आला नाही. काकांनी वडे गार होत असल्याचं जाहीर केलं.

आम्ही निघताना काका गॅरेजपर्यंत आले. चेहरा दुखावलेला. अशा माणसांना दुखावून घेण्याची फार घाई असते.

"अगं, माझा हेतू चांगला होता. लोकांना इन्स्पिरेशन मिळावं म्हणून बोललो. तू एकदम कोर्टातच उभं केलंस."

"पाच चुका होत्या, काका. चार तुमच्या."

"बरं, सॉरी, झालं? आता एक ऐक. मंडळाच्या दिवाळी अंकात तू आर्चबिशपवर लेख देणार होतीस ना, तो राहू दे. कोण वाचणार? तू तुझं आत्मकथन दे. तुमच्या लोकांच्या लिखाणात एक जिवंतपणा असतो बघ, आम्हाला नाही जमत तो. दुःख लिही. मोकळेपणानं लिही."

दुःख होतं. आई मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाली त्या आठवड्यात बाकीच्या शिक्षकांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत सत्यनारायण घातला. खोलीची खुर्ची बाहेर काढून धुतली. तीर्थप्रसाद सगळ्या शाळेला वाटला. शिपायापासून पहिलीच्या मुलांपर्यंत. तिला द्यायचं राहून गेलं. ती दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसून हजेरीपटावर त्याच शिक्षकांच्या सह्या घेऊ लागली आणि अकरा वर्षं घेत राहिली. हे मी गॅरेजमध्ये सांगितलं नाही. ते मागत होते म्हणून सांगितलं नाही.

मी विचारलं, "आजोबांवर तुम्ही लिहिताय ना या अंकात?"

"हो, चार पानी लेख आहे."

"मला पाठवा. तपासून देते. सहभोजनाला पंगतीत कोण कोण होतं, त्यांची नावं हवीत. आमच्यातले किती, ते हवं. आणि जेवणानंतर उष्ट्या पत्रावळी कुणी उचलल्या, ते."

"ते आता कुणाला आठवणार?"

"मग लेख अपुरा आहे, काका."

ते गॅरेजचं बटण दाबायला गेले.

गाडीत रश्मी आधी खूप हसली, मग वैतागली. "यार, पण कंदिलाचं कशाला बोललीस? कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं होतं."

"आता आपल्याला कुणी बोलावणार नाही, बघ."

तिचं खरं ठरलं. मला पुन्हा बोलावणं आलं नाही. अंक आला. त्यात आजोबांवर चार पानं होती. एकाही पाहुण्याचं नाव नव्हतं. सहभोजनाचं वर्णन होतं, त्यात आजोबा वाढत होते आणि समोर 'ती मंडळी' कृतज्ञतेनं जेवत होती. माझा लेख नव्हता. मी तो दिलाच नाही. त्यांच्या अटीवर माझं काहीच छापून येणार नव्हतं.

प्रबंध मी दोन हजार आठमध्ये सादर केला. त्यात पाद्र्यांच्या बायकांवर एक अख्खं प्रकरण आहे. ऋणनिर्देशात माझ्या हालांचं एक अक्षर नाही. अर्जातलं ते वाक्य मी त्यानंतर कुठल्याही अर्जात लिहिलेलं नाही. दोन फेलोशिपा गेल्या. जाऊ देत.

आम्हाला बोलावतात ते साक्षीदार म्हणून. या, उभे राहा, जखम दाखवा, आम्ही हळहळतो, मग वडे खाऊ. विषय त्यांचे, निकाल त्यांचे, रडणंसुद्धा त्यांचं. आमच्याकडून फक्त रक्त हवं असतं, आणि तेही त्यांना हव्या त्या रंगाचं. मी हे काम सोडलं आहे. आईची खुर्ची मी आज इथे लिहिली ती मला लिहायची होती म्हणून. ती कुणाला प्रेरणा म्हणून वाचायची असेल तर त्यानं हे पान मिटावं.

सुधारक म्हणवणाऱ्या प्रत्येकाचे कागद मी मागणार आहे. पंगतीला कोण होतं, जमीन कुणाची होती, घराबाहेर कुणाला काढलं. नाव सापडलं नाही तर नाव गाळलं असं स्पष्ट लिहिणार आहे. बारावं शतक झालं. विसावं काढायला घेतलं आहे.