जंतू मेल्यानंतर

दादाच्या टाचेत काच गेली ती भातलावणीत. भाजे गावातलं आमचं खाचर रस्त्याला लागून आहे. शनिवार-रविवारी फिरायला येणारी माणसं रिकाम्या बाटल्या त्यात भिरकावतात. दादानं काच स्वतःच ओढून काढली, हळद दाबली, फडकं बांधलं आणि परत चिखलात उतरला. मी देहूरोडला डेपोत नोकरीला. लावणीपुरती रजा काढून गेलो होतो.

"चल, इंजेक्शन घेऊन येऊ," मी म्हटलं.

"लावनी व्हऊ दे रं. एवढ्याशानं काय व्हतंय?"

लावणी उरकायच्या आधीच त्याला हुडहुडी भरली. पोटरी लाल होऊन तट्ट फुगली. वहिनीनं चहा पुढे केला तर म्हणाला, "बैलं सोडली का?" बैल विकून कितीतरी वर्षं झाली होती. वहिनी कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. शेजाऱ्याच्या गाडीत घालून आम्ही त्याला तळेगावच्या दवाखान्यात नेलं.

आयसीयूतल्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. सेप्सिस आहे, म्हणाल्या, जखमेतले जंतू रक्तात गेलेत. पाय उघडून घाण काढली, अँटिबायोटिक, सलाईन, रक्तदाब उचलायचं औषध, शेवटी व्हेंटिलेटर. दादा सुजत गेला. पापण्या इतक्या फुगल्या की चेहरा परक्या माणसाचा वाटायला लागला. मनगटातला गंडा रुतला म्हणून नर्सनं कापून काढला.

मग रक्ताचा नवा रिपोर्ट आला: त्यात जंतू वाढत नव्हते. मी धावतच बाहेर आलो. "वहिनी, जंतू मेले!" तिनं डोळ्यांना पदर लावला आणि दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवली.

पण दादाची लघवी थांबली. बोटांची टोकं काळी पडू लागली. मी डॉक्टरांवर आवाज चढवला. "जंतू नाहीत म्हणता, मग हे करतंय कोण?"

त्या रागावल्या नाहीत. मला बाकावर बसवून स्वतः शेजारी बसल्या. "आपल्या पेशींवर रिसेप्टर असतात, काका. जंतूच्या अंगाचा तुकडा तिथं चिकटला, की पेशीला कळतं शत्रू आलाय. मग ती रक्तात रसायनं सोडते. रक्तवाहिन्या सैल पडतात, पाझरतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. एका जखमेपुरतं झालं, तर सूज येते आणि माणूस बरा होतो. यांच्या सगळ्या अंगात झालंय."

"पण आता जंतू मेलेत ना?"

"मेलेल्या जंतूंचे तुकडेही चिकटतात. आणि यांच्या स्वतःच्या ज्या पेशी फुटल्यात, त्यांतून सांडलेलं चिकटतं, तेसुद्धा त्याच रिसेप्टरना. म्हणून थांबत नाहीये."

"ते रिसेप्टर बंद करायचं औषध द्या."

"तशी औषधं करून बघितली लोकांनी. माणसं वाचवील असं अजून हाती आलेलं नाही." एवढं बोलून त्या मशीनच्या आवाजाकडे धावल्या.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

उरलेली लावणी गावानं केली. दहावं झाल्यावर वहिनी ओट्यावर माझ्यासमोर येऊन बसली. "भावजी, जंतू मेलं म्हनला व्हता ना तुमी? मंग हे कशानं गेलं? लोक म्हनत्यात, दवाखान्यानं मारलं."

मला कळलं होतं तसं मी सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, "म्हंजी त्यांच्याच अंगानं?"

"वाचवायला निघालं होतं गं. थांबता आलं नाही त्याला."

"हे कुनाला सांगू नगा," ती म्हणाली. "लोक म्हनतील, त्यांच्यातच कायतरी खोट व्हती. पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

खोट नव्हती, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. तिला पटलं असावं. पण गावाला पटवणं तिच्या हातात नव्हतं. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणतो, काच लागली, विष अंगभर पसरलं. लोक मान हलवतात आणि पुढचं विचारत नाहीत.