कुंडलिकचे लाल तळवे

कुंडलिकनं जितक्या वेळा दारू सोडली, तितक्या वेळा गल्लीत कुणी वहाणासुद्धा बदलल्या नसतील. एकदा सिद्धेश्वराच्या तळ्यात बुडी मारून सोडली, एकदा ताटातल्या भाकरीवर हात ठेवून, आणि एकदा तर थेट गुत्त्यातच, गुत्तेवाल्याच्या गळ्यात पडून. दर वेळी गल्ली पोट धरून हसली.

एकोणतीस सालच्या उन्हाळ्यात मात्र त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, शेवटचं सांगून टाकलं. "आता शपथ घिऊ नगा. तुमच्या शपथा ऐकून द्येव बी कटाळला. ह्याफुडं काय वंगाळ दिसलं, तर मी चालले वळसंगला भावाकडं."

ही बाई एकदा गेली की परत यायची नाही, हे कुंडलिकला पक्कं ठाऊक होतं. शुद्धीत असताना तर फारच ठाऊक होतं.

गिरणीत त्याच्या शेजारच्या मागावर रामहरी असायचा. पूर्वी हा गडी गुत्त्यात सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि सगळ्यांच्या नंतर उठायचा. हल्ली मात्र तो त्या वाटेला फिरकत नव्हता, आणि त्याचे तळवे नेहमी लालभडक असायचे. कुंडलिकनं त्याला नळावर गाठलं.

"काय रं, रोज कुणाच्या लग्नाला जातुयास?"

"लगीन न्हाय गड्या, सुतक हाय. शिंदी-दारूचं." रामहरी हळूच म्हणाला, "भोंगा झाला की चल माझ्यासंगं."

तो त्याला घेऊन गेला धोंडप्पा रंगाऱ्याच्या अंगणात. हा धोंडप्पा तरुणपणी इतका प्यायचा, की गिऱ्हाइकानं निळं सूत मागितलं तर हिरवं द्यायचा आणि वर भांडायचा. सुटला तेव्हापासून त्यानं सुटू बघणाऱ्यांची टोळी जमवली होती. तिथे ना प्रवचन, ना शपथ. रंगाच्या कोमट तपेल्यावर दोघांनी समोरासमोर बसायचं, सुताची लड दोन बाजूंनी धरायची आणि खालीवर करत राहायचं. मध्येच एकानं सोडली, तर सुतावर डाग पडायचे आणि जोडीदाराची मेहनतही पाण्यात जायची. म्हणून रंग चढेपर्यंत उठायचं नाही. तोवर गुत्त्याची वेळ टळलेली असायची, घशाची खाज मेलेली असायची, आणि मुकादमापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांना शिव्या देऊन मनही मोकळं झालेलं असायचं.

पहिल्या दिवशी कुंडलिकचे हात असे थरथरले, की तपेल्यात लाटा उठल्या.

"येनप्पा, सूत रंगवतोस का ताक घुसळतोस?" धोंडप्पानं कानडी हेल काढत विचारलं.

सगळे हसले. पण गल्लीचं हसणं वेगळं, हे वेगळं. इथल्या प्रत्येकानं त्या तपेल्यात लाटा उठवल्या होत्या.

कुंडलिकनं घरी चकार शब्द काढला नाही. पुन्हा घसरलो तर पुन्हा हसं नको! उलट, गल्लीतून येताना तो सवयीनं थोडा झुलायचासुद्धा. प्यायला लाजला नव्हता तो गडी आता न पिण्याला लाजत होता.

इकडे गोजरबाई बुचकळ्यात पडली. नवरा झुलतोय, पण वास नाही. रोज कुठं जातो सांगत नाही, आणि तळवे लाल! शेजारच्या मथुराबाईकडे जगातल्या सगळ्या कोड्यांची उत्तरं तयार असायची.

"गोजरे, कुंकू हाय गं त्ये. कुणाच्या तरी कपाळाचं."

"आगं, एवढं? दोनी हातांना?"

"कपाळ मोठ्ठं आसंल की!"

गोजरबाईनं डोळे पुसले. "ह्यापरीस दारू बरी हुती गं बाई." तिनं वळसंगला जायला आपलं एकुलतं धड लुगडं फडक्यात बांधून काखेत मारलं. पण ती मोठ्या कपाळाची बाई बघितल्याशिवाय तिचा पाय निघेना. सांज व्हायच्या आत दोघी कुंडलिकच्या मागावर निघाल्या आणि धोंडप्पाच्या अंगणात शिरल्या.

तिला बघताच कुंडलिक अर्धवट उठला.

"सोडू नगं!" समोरून रामहरी ओरडला. "सूत डागंल!"

कुंडलिक मटकन खाली बसला. आजवर घरात भांडण पेटलं की तो उठून गुत्ता गाठायचा. आज पळायचीही सोय नव्हती.

"कुटं हाय ती?" गोजरबाई कडाडली.

"कोण?"

"मोठ्या कपाळाची!"

सगळ्यांच्या नजरा धोंडप्पाच्या टकलाकडे गेल्या.

मग कुंडलिकला सगळं सांगावं लागलं. ती बोलत राहिली, मागच्या सगळ्या वर्षांचं बोलली, आणि तो लड खालीवर करत ऐकत राहिला. लग्न झाल्यापासून एक भांडण शेवटापर्यंत गेलं ते हेच. शेवटी तिचा आवाज खाली आला.

"मला का सांगितलं न्हाई?"

"पुन्ना मोडलं आसतं तर?"

"सरका वाईच," ती रामहरीला म्हणाली, आणि पदर खोचून त्याच्या जागी बसली. लडीचं दुसरं टोक तिनं धरलं. त्या गडबडीत काखेतलं गाठोडं घसरलं ते नेमकं रंगाच्या ओघळात. लुगडं लालेलाल झालं.

"आता गं बया! ह्ये निसून वळसंगला कशी जाऊ?"

"मग जाऊ नगंस की," कुंडलिक म्हणाला.

"लड नीट धरा," ती म्हणाली. "तुमच्याकडची बाजू फिकी राहतिया."

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी फिरली. मथुराबाईनं प्रत्येक घरात ती तिखटमीठ लावून सांगितली, फक्त कपाळाचा भाग तेवढा सगळीकडे विसरली. गल्ली हसलीच. कुंडलिकनं मान खाली घातली नाही, फक्त झुलायचं तेवढं सोडलं. आणि शेजारणी पाण्याला निघाल्या तेव्हा गोजरबाई दारात घागर घासत बसली होती, लाल तळव्यांनी, अगदी सगळ्यांना दिसेल अशी.