टिल्लीच्या डोळ्यातला ठिपका

कार्टूनच्या स्टुडिओत तू नेमकं करतेस काय, असं कुणी विचारलं की चेतना म्हणायची, "छाटते." खोटं नव्हतं. अंधेरीतल्या त्या स्टुडिओत नऊ वर्षं तिने दुसरं काही केलेलंच नाही. कार्टूनच्या एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, आणि प्रत्येक चित्रातला उजेड, सावली, केस न् केस कॉम्प्युटर बसून रंगवतो. त्याला म्हणतात रेंडर. एका चित्राला बारा मिनिटं लागली की मालकांच्या पोटात गोळा येतो, आणि मग चेतनाला बोलावणं येतं.

बाई हुशार, त्यात वाद नाही. 'टिल्ली' नावाच्या खारीच्या मालिकेत तिने पहिल्याच आठवड्यात खारीच्या शेपटीवरचे केस उडवले. शेपटी दुधीसारखी गुळगुळीत झाली. आता दुधी लावून फिरणारी खार कुणी पाहिलीय का? पण वेळ वाचला. जंगलातल्या बाकीच्या प्राण्यांना टोप्या घातल्या, म्हणजे डोक्यावरचे केस नकोत. नदी आटवली, कारण पाणी चमकतं आणि चमक महाग. सावल्या गेल्या, पायाखाली एकेक काळा डाग आला. बारा मिनिटांची तीन झाली. कुणी कुरकुरलं की चेतना म्हणायची, "पोरांना काय कळतंय?" प्रोड्यूसर धवलला हे वाक्य इतकं आवडलं की त्याने ते छापून भिंतीवर चिकटवलं. सगळे हसले, तीही हसली.

राहता राहिले डोळे. डोळ्यात उजेडाचं प्रतिबिंब पडलं की नजर जिवंत वाटते, पण त्याला प्रत्येक चित्रामागे चाळीस सेकंद जात. चेतनाने ते बंद केलं आणि बुबुळावरच एक पांढरा ठिपका रंगवून टाकला. तोही एकाच डोळ्यात. दुसरा डोळा म्हणजे तोच उलटा करून बसवलेला, कारण अर्धं करायचं आणि उलटवायचं, ही या धंद्यातली रोजची सवय. इथे तिने माती खाल्ली. दोन्ही ठिपके नाकाच्या बाजूला आले आणि टिल्ली तिरळी झाली. कामाच्या छोट्या खिडकीत ते कुणाच्या डोळ्यात भरलं नाही.

भरलं ते बुधवारी, मीटिंगच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीवर. तोवर सगळे सव्वीस भाग रेंडर झाले होते आणि पहिले चार तर ऑनलाइन दिसतही होते. स्वतःच्याच नाकाच्या शेंड्याकडे बघत नाचणारं ते बाहुलं बघून चेतनाला शिसारी आली. हात धुवावेत असं वाटायला लागलं. तिने तिथेच बसून उपाय काढला. पूर्ण चित्र नकोच, फक्त डोळे नव्याने रेंडर करून जुन्यावर चिकटवायचे. चित्रामागे नऊ सेकंद. उरलेले बावीस भाग शुक्रवारी संध्याकाळी चॅनेलकडे जायचे होते आणि वीस मशीन लावली तर दोन दिवसांत काम होत होतं.

"मशीन पुढच्या सिरीजला लागलीयत यार," धवल म्हणाला. "दोन दिवस कुठून आणू?"

"ती तिरळी दिसतेय रे. एकदा बघ तरी."

"चार भाग लोकांनी बघितले ना? एक तरी तक्रार आली?"

"तक्रार नाही आली म्हणून घाण खपवायची?"

धवलने हसत भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

चेतनाला त्याची किळस आली. त्या दुधीसारख्या शेपटीची आली, टोप्यांची आली, आटलेल्या नदीची आली. सगळ्यात जास्त त्या कागदाची आली, कारण तो धवलचा नव्हता, तिचा होता. नऊ वर्षं हेच खरकटं छान वाढून पोरांपुढे ठेवलं आणि वर शहाणपण मिरवलं. कागद टराटरा फाडावा असं मनात आलं, पण हात उचलला नाही. नोकरीवर लाथ मारायची तिची ऐपत नव्हती. शुक्रवारी दुपारी तिनेच एकेक करत बावीसही भागांपुढे 'ओके' लिहिलं.

कांजूरमार्गला घरी पोचली तर कचऱ्याच्या डम्पिंगकडचा वारा सुटलेला, वासामुळे खिडक्या बंद. तिच्या सासूबाई, सुंदराबाई, मेथी निवडत बसल्या होत्या.

"बघ तुझ्या लेकीकडे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून आरसा सोडत नाही. डोळे दुखतील म्हटलं, तर ऐकते कुठे?"

चार वर्षांची तेजल कपाटाच्या आरशापुढे उभी होती. डोक्यावर बाबांची टोपी. दोन्ही बुबुळं तिने नाकाकडे ओढून धरली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय करतेस गं?"

"मी टिल्ली झालेय. ती अशी बघते." तेजल तशीच वळली. "आई, जमलं ना?"

चेतनाने वाकून तिच्या गालावरचं पाणी पुसलं.

"जमलं," चेतना म्हणाली. "अगदी तशीच दिसतेस."