मुळांतले भाडेकरू

आमच्या वस्तीमागचं तळं बुजत चाललंय. ते वाचवायला दर रविवारी काही माणसं पाण्यात उतरतात आणि जलपर्णी उपसतात. मीही जातो. त्यांच्यात एक काकू आहेत. उपटलेला प्रत्येक झुबका काठावर फेकण्याआधी त्या पाण्यावर धरून हलकेच झटकतात.

"काकू, धुणं वाळत घालताय का?" कुणीतरी हसलं.

"अहो, मुळांत भाडेकरू आहेत. त्यांना आधी सांगायला नको?"

टुपकन एक गोगलगाय पाण्यात पडली आणि मला आई दिसली. आमच्या भंडाऱ्याकडे गावोगाव तलाव. शिंगाड्याचे वेल उलटताना तीही असंच झटकायची. म्हणायची, "हळू रे बाबू, लेकरं आहेत त्यात." तिच्या ओल्या हातांना चिखलाचा वास यायचा.

सातवीत शाळा सुटली, मग तो तलावही सुटला. या शहरात इतकी वर्षं झाली, तरी घरमालक दारात दिसला की मी आधी माझं सामान कुठे आहे ते बघतो. पहिली खोली मालकाने न सांगता पाडली, तेव्हा शेजारच्या वहिनींनी माझी ट्रंक आपल्या घरात नेऊन ठेवली. दुसरी खोली मिळेपर्यंत मी त्यांच्याकडेच जेवलो. तो भात अजून आठवतो.

हातातला झुबका मी फेकणारच होतो. खाली घेतला, पाण्यावर धरून झटकला. काहीच पडलं नाही.

"अजून एकदा," काकू म्हणाल्या.

पुन्हा झटकला. एक इवलासा मासा सुटला, गढूळ पाण्यात जरा घुटमळला, आणि गेला.